चाळीस सेकंद

अबेरिस्टविथच्या जुन्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावर,
आम्ही पाच जण आणि एक ट्यूबलाइट.
मी पहिला प्रश्न वाचायच्या आतच
टेग्वेन उठली, बटण बंद केलं, म्हणाली,
या दिव्याची घरघर तुम्हाला ऐकू येत नाही
हे आधी लिहून घ्या.

लिहून घेतलं.
चौदा वर्षांच्या टिपणांतलं
न विचारता मिळालेलं पहिलं वाक्य.

प्रश्नावली माझी. अठ्ठावीस प्रश्न,
तीन समित्यांनी तपासलेले, शिक्के मारलेले.
सातव्यात 'ग्रस्त' असा शब्द होता.
ग्विल्यमने, बावन्न वर्षांच्या, रात्रपाळीत पाव भाजणाऱ्या,
शिसपेन्सिलीने त्या शब्दाभोवती
इतक्या सावकाश गोल काढला
की गोल पुरा व्हायच्या आत माझे कान तापले.
"ग्रस्त मी बेकरीतल्या भोंग्याने आहे.
त्यावर एकही प्रश्न नाही."

बारावा नेस्टाने मोठ्याने वाचला. परत वाचला.
याचं उत्तर तुम्हाला कशासाठी हवंय?
मी प्रस्तावनेतलं वाक्य म्हणू लागले.
ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड
पदवीबरोबरच लागते.
ती थांबून राहिली, नजर खिडकीबाहेर.
शेवटी खरं ते सांगितलं:
अनुदान देणाऱ्यांना आकडा लागतो.
"मग तसं लिहा ना," म्हणाली. रागाने नाही.

इद्रिस खोलीत येत नाही.
जिन्यातल्या दुसऱ्या खिडकीपाशी बसतो,
दार उघडं ठेवायचं, असं ठरलंय.
तो बोलत नाही; काचेच्या पाटीवर
एकेक अक्षर दाबतो आणि पाटी बोलते,
कुठल्याशा बाईच्या सपाट आवाजात,
जो त्याला मुळीच आवडत नाही.

त्या दिवशी जुन्या ध्वनिफिती ऐकत होतो.
एक मुलगा. माझा प्रश्न: तुला कुणी मित्र आहे?
मग शांतता.
मग मीच: बरं, पुढचा प्रश्न.
कागदावर माझ्या अक्षरात: प्रतिसाद नाही.

परत लावा, जिन्यातून पाटी म्हणाली.
परत.
परत.
मग बराच वेळ नुसती बोटांची टकटक.
तो श्वास घेतोय. नवव्या सेकंदाला
तो म म्हणतो. तुम्ही
त्या म वर बोललात.

मला चाळीस लागतात.

लोक यांना स्वतःत मग्न म्हणतात.
आपल्याच प्रश्नांत मग्न कोण होतं
ते फितीवर आहे, माझ्याच आवाजात.
तो मुलगा आता कुठे असेल, ठाऊक नाही.
नाव आम्ही पुसून टाकतो, नियमच आहे.
माझ्याकडे फक्त त्याचा क्रमांक. एकतीस.

त्यानंतर खोलीत चाळीस सेकंदांचा नियम झाला.
सोपा नाही. पंधराव्याला माझी जीभ वळवळते,
विसाव्याला मी खुर्ची सरकवते,
मग टेग्वेन माझ्याकडे बघते.

सगळं काही सुरळीत झालं, असं नव्हे.
विद्यापीठाच्या लेखा विभागात
'सहसंशोधक' या शब्दाला रकाना नाही.
ग्विल्यमला मानधन म्हणून कॉफीची कुपनं आली.
तो कॉफी पीत नाही.
नोव्हेंबरपासून भांडतेय; आता मार्च.
नेस्टा मधूनच सोडून गेली. कारण दिलं नाही,
आणि मी विचारलं नाही, हे बरोबर की चूक
अजून ठरत नाही.

निबंध मात्र झाला. नावांखाली
ज्याने त्याने आपली संस्था लिहायची असते.
इद्रिसने लिहिलंय: जिन्यातली दुसरी खिडकी.
संपादकांचं पत्र आलंय, ही नजरचूक आहे का?
उत्तर माझ्या बोटांवर तयार होतं.
पण प्रश्न त्याचा आहे.

पत्र वाचून दाखवलं, उंबऱ्यात उभी राहून.
खाली समुद्र. संध्याकाळ. भोरड्यांचा थवा
धक्क्याखाली उतरावं की नाही ठरवत
एकदा वळतो, पुन्हा वळतो.
इद्रिसचं बोट काचेवर, अजून टेकलेलं नाही.
मी मोजतेय.
एकोणतीस.
तीस.
एकतीस.